साडेनऊ इंच

विषाणूचा ताप बाबांच्या फुप्फुसांपर्यंत पोचला होता. डॉक्टर मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "रक्तातलं प्रोटीन फार खाली गेलंय, म्हणून पाय सुजलेत. ते वर आलं तर आशा आहे. नाहीतर कठीण."

रिपोर्टातले आकडे मुलीला कळत नव्हते, पावलांचे कळत होते. जन्मभर बूट शिवणाऱ्या बाबांची टेप घेऊन ती रोज सकाळी त्यांच्या चवड्याचा घेर मोजायची. एरवी साडेनऊ इंच. आता अकरा.

दहाव्या दिवशी टेप थेट साडेनऊवर टेकली. ती अनवाणीच धावत सुटली.

"मॅडम, साडेनऊ झालं!"

"अगं, आजचा रिपोर्ट तर येऊ दे."

"तो येईल तेव्हा येईल. तुम्ही आधी चला."

मॅडमना तिने अक्षरशः ओढतच आणलं आणि टेप पुन्हा पावलाभोवती गुंडाळली. मॅडम आकडा वाचायला वाकल्या. तेवढ्यात ऑक्सिजनच्या मास्कच्या आतून बाबांचा घोगरा आवाज आला, नऊ दिवसांत पहिल्यांदाच.

"टेप आवळू नकोस. दहा आहे अजून. साडेनऊ धरलंस तर गिऱ्हाइकाला बूट चावेल."