हिरव्यावर पांढरे ठिपके

“चेहऱ्याकडं बघू नका,” हवालदाराने आधीच सांगितलं. “उपयोग न्हाई. नुसता हात बघा.”

त्याने चादरीखालून डावा हात बाहेर काढला. अंबिका पुढे वाकली. तिच्या मागे वडील, बसवंतअप्पा, भिंतीला धरून उभे होते. थोरला भाऊ राजशेखर शवागाराच्या दारातच थांबला होता.

गोदावरीच्या पाण्यात बरेच दिवस राहिलेला हात होता तो. कातडी पांढरी, सैल. नखं मात्र जशीच्या तशी. पाण्याने नेलपॉलिशला काही होत नाही, त्याला ॲसिटोन लागतं, हे बीएस्सी करणाऱ्या अंबिकाला माहीत होतं. पाची नखं हिरवी, त्यांवर बारीक पांढरे ठिपके. अंगठ्यावरचे ठिपके ओले असतानाच फिसकटलेले.

लातूरहून नांदेडला येताना गाडीत राजशेखरचा मोबाइल वाजला होता. हैदराबादहून त्याचा मित्र सांगत होता, खोली सापडली, दामिनी ज्याच्यासोबत पळाली तोच पोरगा आहे, आत कुणी पोरगी असावी, अजून दिसली नाही.

“नजर ठेव. उद्या सकाळी निघतो,” राजशेखर म्हणाला होता. मग समोरच्या आरशातून त्याने अंबिकाकडे पाहिलं. “जिती घावली तर बरं. माझ्याच हातानं संपवायची हाय.”

“आधी नांदेडचं बघू,” अप्पा खिडकीबाहेर बघत म्हणाले होते. “पोलिसांनी बोलावलंय.”

कोयता सीटखाली होता. येळवशीपासून तो तिथेच होता.

येळवशीला, म्हणजे वेळअमावस्येला, सगळं घर जेवायला शेतावर जातं. त्या दिवशी भज्जी आणि आंबिलाचं मडकं गाडीत चढलं तरी अंबिकाच्या थोरल्या बहिणीचा, दामिनीचा पत्ता नव्हता. “नखं वाळायचीत माझी, तुम्ही व्हा पुढं!” ती आतूनच ओरडली होती. “नखं रंगवून भज्जी कालवणार का ही?” राजशेखर करवादला आणि त्याने गाडी काढली. संध्याकाळी परत आले तर दाराला नुसती कडी. देव्हाऱ्यात दामिनीने गळ्यातलं इष्टलिंग काढून ठेवलेलं.

आई गेल्यापासून दर रविवारी दोघी बहिणी नखं रंगवत बसायच्या. कधी कलिंगड, कधी दिवाळीच्या पणत्या, कधी मोरपीस. ब्रश म्हणून टाचणी. रंगवायची अंबिका, नावं ठेवायची दामिनी. “हे मोरपीस हाय का कोंबड्याचं शेपूट गं?” घरातल्या पुरुषांनी त्या नखांकडे कधी पाहिलं नव्हतं.

“ओळख पटती का?” हवालदाराने विचारलं.

अंबिकाने अंगठ्याचं नख आणखी जवळून पाहिलं.

“बोल की!” राजशेखर दारातून म्हणाला.

“अक्काच हाय,” अंबिका म्हणाली. “मीच रंगवलं हे. येळवशीचं. हिरवं म्हंजी रान आन् ठिपके म्हंजी ज्वारीचे दाणे. अंगठा वाळायच्या आत तिनं ओढणी ओढली, म्हणून फिसकटला.”

“पक्कं ना, बाई? पुन्हा घोळ नको.”

“माझ्या हातचं काम मला कळत न्हाई का?”

अप्पांनी डोक्यावरची टोपी काढली. राजशेखर पहिल्यांदाच आत आला. त्याने ती नखं पाहिली, खूप वेळ पाहिली. मग तिथेच उभं राहून मित्राला फोन लावला.

“माघारी ये. मेली ती. न्हाई, ती खोलीतली दुसरी कुणीतरी असंल. आमची घावली.”

बाहेरच्या पायरीवर बसून तो लहान पोरासारखा रडला. अंबिकाने त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही.

शेतात, आईच्या शेजारी खड्डा घेतला. जंगमांनी विभूती लावली, बेलाची पानं वाहिली. कापडात गुंडाळलेला देह लिंगायत रीतीप्रमाणे बसवला आणि दामिनीने मागे ठेवलेलं लिंग त्याच्यासोबत दिलं. पहिली माती राजशेखरने लोटली. दुसऱ्या दिवशी कोयता गाडीतून निघून गोठ्यात गेला.

पुढच्या आठवड्यात दुपारी एक बाई दारात आली. डोक्यावर पदर, हातात पिशवी. कंधारहून आले म्हणाली, नाव सिंधू. तिची लेक दीपमाला नांदेडला खोली करून शिकत होती. फोन लागेना म्हणून बाई खोलीवर गेली, तर खोलीला कुलूप.

“ठाण्यात म्हणले, नखं रंगवलेली एक पोरगी घावली होती, लातूरची माणसं घेऊन गेली. तुमचीच असंल, माय. माझी नसूच दे. पर जीव ऱ्हाईना.”

“कोण हाय गं?” आत जेवत बसलेल्या राजशेखरने विचारलं.

“कुणी न्हाई, अण्णा. पत्ता चुकलाय.”

बाईने आवाज खाली आणला. “आमच्यात अग्नी देतात. तुमच्यात पुरतात म्हणं. म्हणून तर आले. जाळलं असतं तर आता काय बघणार होते?” तिने पदराआडून मोबाइल काढला. “लई नाद तिला रंगाचा. घरी आली की नवं काढायची. हे मोगऱ्याचं. माझ्या भाचीच्या हळदीला काढलं, तेच घेऊन नांदेडला गेली. फोटोच्या घाईत अंगठा फिसकटला, तर केवढी रडली येडी.”

अंबिकाने फोटो पाहिला. पाची नखं हिरवी, त्यांवर तेच पांढरे ठिपके. तो मोगरा होता तर.

आत ताट सरकल्याचा आवाज झाला. हात धुऊन राजशेखर दाराकडे आला.

“काय दाखवायल्यात त्या?”

अंबिकाने मोबाइल पालथा करून बाईच्या हातात ठेवला.

“न्हाई, मावशी,” ती म्हणाली. “आमच्या अक्काची नखं निराळी होती.”