पायगुणाचा बाण

१९६४ साल. अमरावतीत गोदाबाईंच्या घरी दूध उतू गेलं तरी खापर सुनेच्याच पायगुणावर फुटायचं. सून अनसूया कॉलेजात गणित शिकवायची. तिले अकोल्याला संख्याशास्त्राच्या हप्ताभराच्या वर्गाचं बोलावणं आलं, तर सगळ्यात जास्त खूश गोदाबाईच. "जाय बाई जाय! तेवढंच घर सुखी राहीन."

वर्गात शिकवलं, की जे डोळ्याले दिसते ते चौकोनात मांडा, त्याच्यामागचं न दिसणारं कारण गोलात मांडा, अन् गोलापासून चौकोनाकडं बाण काढा.

अनसूया परतली, तर म्हैस आटलेली, लोणच्याले बुरशी लागलेली अन् नवरा न्हाणीत घसरून पाय मोडून बसलेला.

तिनं ओसरीवर खडूनं तीन चौकोन काढले, मधात मोठा गोल काढला, अन् तीन बाण ओढले.

"या गोलात कोण हाय वं?" गोदाबाईंनी विचारलं.

"मी तं अकोल्यात होती, आत्याबाई."

मग लग्नात तिचे पाय ज्यात बुडवले होते, त्याच ताटात कुंकू कालवून तिनं ते गोदाबाईंपुढं सरकवलं.

"या, पाय ठेवा."