गुलछडीचा गड्डा

रझाकारांच्या धामधुमीत सरहद्दीपलीकडच्या कॅम्पात गेलेला शरणप्पा वर्षानं उमरग्याला घरी परतला, आणि त्याच दिवसापासून इरम्माच्या परसातल्या गुलछडीचा वास गेला. तिनं माहेराहून आणलेले गड्डे होते ते. वीस वर्षं आख्खी आळी त्यांच्या वासानं घमघमायची. फुलं आताही पांढरीशुभ्र येत होती, पण नाक लावलं तरी वास म्हणून नाही.

"गड्डे किडले असतील," ती नवऱ्याला म्हणाली.

"राहू दे. उकरू नको."

चार दिवस तिनं कळ काढली. पाचव्या दिवशी सकाळी तो लिंगपूजेला बसल्यावर तिनं खुरपं घातलंच.

दांड्याखाली गड्डा नव्हता. मुळ्यांच्या गुंत्यात चांदीची डबी होती, कडेला पोचा आलेली. शरणप्पाच्या गळ्यातल्या लिंगाची डबी, आत लिंगासकट.

लिंगायताचं लिंग जिवंतपणी अंगावेगळं होत नाही. माणसाला मातीत ठेवतानाही ते त्याच्याच डाव्या तळहातावर ठेवतात.

मग रोज सकाळी दार लोटून तो पूजा कशाची करत होता?

"इरम्मा, पाणी आण," आतून हाक आली.

ती तांब्या घेऊन गेली आणि उंबऱ्यातच थबकली. देवघर गुलछडीच्या वासानं कोंदलं होतं.

शरणप्पानं वळून डावा हात पुढं केला. तळहातावर भस्म लावलेला गड्डा होता. त्याची मुळं कातडीखालून पार मनगटापर्यंत गेलेली दिसत होती.

"घाल," तो म्हणाला. "लई तहान लागलीय."