मागच्या खोल्यांचे भाडे

घरमालकिणीने नवे भाडे सांगून टाकले. इन्सुलिनची सुई भरून हेमलता नर्स तशीच उभी होती. मागच्या दोन खोल्यांत ती चौदा वर्षे भाड्याने राहत होती आणि ड्युटीला जाण्याआधी, थरथरत्या हातांच्या घरमालकिणीला, कुमुदिनीबाईंना, रोज इंजेक्शन देत होती.

“अडीचचे एकदम पाच हजार, मावशी?”

“गळका स्लॅब पेन्शनीत दुरुस्त होत नाही गं. बाहेर तर आठ मागतात.”

“बाहेर इंजेक्शनचेही मागतात.”

बाई चपापल्या. इतकी वर्षे भाडे वाढवले नाही ही आपली माया, असे त्या धरून चालल्या होत्या. समोरूनही माया येत होती, हे कधी मनातच आले नव्हते.

हेमलताने नेहमीच्याच हलक्या हाताने सुई टोचली, कापूस दाबून धरला.

“उद्या येशील ना?” बाईंनी विचारले.

हेमलताने चपला घातल्या आणि ती अंगण ओलांडून निघून गेली.