तरंगणारा मोबाईल

धर्माचा दुसरा मोबाईल समुद्रात पडला, तेव्हा चांगुणा वैतागली. तिसऱ्यासाठी तिने जाड प्लास्टिकची पिशवी केली, तोंड घट्ट बंद करून तिला जाळ्याचा छोटा बोया बांधला. "आता पडला तरी तरंगेल," म्हणत तिने ती नवऱ्याच्या गळ्यात अडकवली.

आठवड्याने खाडीच्या तोंडाशी धर्मा कामाला होता ती बोट उलटली. चांगुणा दिवसभर फोन लावत राहिली. रिंग वाजत होती, म्हणून आशा होती.

संध्याकाळी त्याच्या गळ्यातून निसटलेला मोबाईल किनाऱ्याला लागला. आत थेंबभरही पाणी नव्हतं. पडद्यावर तिचे एकेचाळीस मिस्ड कॉल होते.

धर्माचं प्रेत दोन दिवसांनी सापडलं. बोटीवर एकही लाईफ जॅकेट नव्हतं. "नवी होती, खराब होतील म्हणून खोलीत ठेवली होती," मालकाने पोलिसांना सांगितलं.

बाराव्यानंतर शेजारची मथुरा आली. "आमच्या ह्यांनाही तशी पिशवी करून दे गं. मोबाईल सारखा पाण्यात पाडतात."

चांगुणाने तिचा हात धरला. "चल, आधी मालकाच्या खोलीचं कुलूप तोडू."

मथुरेने हळूच हात सोडवून घेतला. "नको गं. ह्यांना उद्या त्याच्याच बोटीवर जायचंय."