हवालदारांचं ‘नाही’

आर्णीजवळच्या गावात कापूस खरेदीच्या रिकाम्या शेडमध्ये कोरोनाची लस आली होती, पण कोणी पुढे होईना. म्हणून नर्स ममताने निवृत्त हवालदार मारोतरावांना पुढे बसवलं. फौजेत त्यांनी कितीतरी लसी मुकाट्याने टोचून घेतल्या होत्या.

"काका, घेता न लस?"

"नाही."

सतरंजीवरचे लोक चपला शोधू लागले. ममता रडकुंडीला आली. "काका, तुम्हीच असं केल्यावर गाव कसं घेईन?"

"फौजेत कोणी इचारलंच नाही, पोरी. बाही वर करा, एवढंच म्हणत. एकदा नाही म्हणून पाहाचं होतं."

मग त्यांनी स्वतःच बाही वर केली.

पाठोपाठ त्यांच्या पत्नी मैनाबाई आल्या. "नाही," म्हणाल्या, आणि दंड पुढे केला.

संध्याकाळपर्यंत गावात एकही माणूस ‘हो’ म्हणाला नाही, आणि लस संपली.