पर्समधला पंप

माझ्या लग्नाच्या सकाळी अप्पांचा दम्याचा पंप मीच माझ्या पर्समध्ये टाकला. "आजचा दिवस नको, अप्पा. मांडवात वढत बसलासा तर पावणं काय म्हणत्याली?"

एरवी दोन पफ घेतले की अप्पा बाजारापर्यंत चालायचे. पाठवणीला मात्र त्यांना खुर्चीतून उठवेना. अँबॅसिडर निघाली तेव्हा त्यांनी लांबूनच हात केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कागलला सासरच्या परसात गेले, तर गोठ्याआड सासरे पंप ओढत उभे होते. मला बघताच त्यांनी तो घाईनं खिशात घातला.

"पवित्रा, तुझ्या अप्पास्नी सांगू नगंस," ते म्हणाले. "काल मांडवात दिवसभर कळ काढली मी. पावणं काय म्हणत्याली?"